छावणीतील परिचर्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे दोन्ही गावांमधील दगडफेक, सुरू झाली आणि पात्रात रोवलेल्या पळसाच्या झेंड्यापायी रक्तबंबाळ झालेली माणसे काठावरच्या उपचारकेंद्रांत येऊ लागली, म्हणजे कोणाची जखम आधी बांधावी, कोणास नागपुरास रवाना करावे आणि नवशिक्या परिचारिकेच्या हातातील कंप कोणी थांबवावा, हे जाणणारे अनुभवी माणूस तेथे असावेच लागते. असे माणूस घडते कसे, याचा इतिहास शोधू जाता मी वारंवार छावण्यांकडे वळतो. नागपुरापलीकडची कामठीची छावणी तर आमच्या या मुलखाची जुनी शेजारीण आहे.

हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत दर हजारी वर्षास ६९ शिपाई मरतात, आणि तेही बहुतांशी ज्वर, अतिसार व पटकी यांनी, असा निष्कर्ष १८६३ च्या शाही आयोगाने प्रसिद्ध केला. या देशात कधीही पाऊल न ठेवलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्या आयोगाकडे आलेली दप्तरे चाळून पाणी, गटारे आणि बराकींतील गर्दी यांवर बोट ठेवले. लष्करी परिचर्येचा सार्वजनिक आरोग्याशी जडलेला संबंध एवढा जुना आहे.

पुढे फेब्रुवारी १८८८ मध्ये कॅथरीन ग्रेस लॉक आणि मिस ऑक्सली यांच्या देखरेखीखाली अवघ्या दहाच्या आसपास परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. एवढ्या विस्तीर्ण देशातील लष्करी इस्पितळांना ही संख्या पुरणे अशक्यच होते. म्हणून पलटणीतून पाठविलेल्या शिपायांना शुश्रूषा शिकविणे हाही त्यांच्या कामाचाच भाग ठरला. रुग्णाच्या उशाशी उभे राहून दुसऱ्यास शिकविणे, त्याची चूक त्याला अपमान न वाटेल अशा रीतीने सुधारणे आणि मग त्याच्यावर विसंबणे, या त्रिविध अभ्यासातच मला या पेशातील नेतृत्वाचे खरे मूळ दिसते.

हीच दृष्टी मुलकी बाजूस रमाबाई रानडे यांच्या ठायी होती. १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनातून त्यांनी तरुण विधवांना ससून इस्पितळात परिचर्येच्या शिक्षणासाठी धाडले, तेव्हा समाजाने हीन मानलेल्या कामास त्यांनी विद्येची प्रतिष्ठा दिली. या धैर्याचे ऋण महाराष्ट्राने पुरेसे मानले आहे, असे मला वाटत नाही.

लष्करात हुद्दा मात्र विद्येच्या मागून, फार उशिरा आला. १९२६ मध्ये भारतीय लष्करी परिचर्या सेवा कायम स्वरूपात उभी राहिली, १९४३ च्या वटहुकुमाने तिच्या परिचारिकांना अधिकारीपद मिळाले आणि १९७६ मध्ये गर्ट्रूड ॲलिस राम या भारतीय सैन्यातील पहिल्या स्त्री मेजर जनरल झाल्या.

पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला. या नव्या जिल्ह्यातील पांढुर्णा-सौंसरच्या आरोग्यव्यवस्थेची घडी बसविणाऱ्या अंमलदारांना माझी विनंती एवढीच आहे, की ज्येष्ठ परिचारिकेने कनिष्ठेस शिकविण्याचे काम तिच्या नेमणुकीच्या हुकमातच लिहावे आणि त्यासाठी तिच्या पाळीतील वेळ राखून ठेवावा.