मस्तकातील सूक्ष्म रोहिणींचे चित्रण

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील (आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील) स्त्री-विभागासाठी १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली. फिलाडेल्फिया येथील वैद्यकीय पदवी त्यांनी त्याच वर्षी संपादन केली होती; परंतु कामावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या पिढीतील कोणाही वैद्यास जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिणी पाहणे शक्य नव्हते. हेल्महोल्ट्झ याच्या नेत्रदर्शकातून १८५१ पासून डोळ्याच्या अंतःपटलावरील बारीक वाहिन्या तेवढ्या दिसत. बाकीचे सर्व ज्ञान प्रेतांवरून मिळालेले होते.

प्रेताकडे पाहूनही माणूस खरे पाहतोच असे नाही. मेंदूच्या तळाशी रोहिणींचे एक ‘अद्भुत जाळे’ असते, असे गॅलेनने लिहिले. ते बैल, मेंढी अशा प्राण्यांत असते, माणसात नसते. तरीही व्हेसेलियसने १५३८ च्या आपल्या चित्रपटांत ते मानवी म्हणून रेखाटले. १५४३ च्या महाग्रंथात त्याने ही चूक स्वीकारली, आणि विद्यार्थ्यांस ते जाळे दाखविता यावे म्हणून आपण मेंढीचे डोके हाताशी ठेवीत असू, हेही कबूल केले. ही कबुली त्याच्या सुंदर चित्रांहून अधिक मोलाची मानावयास हरकत नाही. पुढे विलिसने रोहिणींत रंगीत द्रव भरून तळाशी असलेले रोहिणीवलय तपासले; त्याच्या १६६४ च्या ग्रंथातील आकृत्या क्रिस्टोफर रेनने काढल्या.

मोठ्या रोहिणींचा प्रश्न अशा रीतीने सुटला, सूक्ष्म रोहिणींचा नाही. पक्षाघात समजण्यासाठी मात्र त्यांचीच आवश्यकता होती. मेंदूच्या तळातून वर शिरणाऱ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या या शाखा फुटल्या तर आत रक्तस्राव होतो. तुंबल्या तर त्यांच्या वाट्याचा भाग मरतो. जर्मनीत ह्यूब्नरने १८७२ मध्ये व फ्रान्समध्ये द्युरेने १८७४ मध्ये, प्रेतांच्या एकेका रोहिणीत स्वतंत्रपणे रंगद्रव्य भरून, कोणती शाखा कोणत्या भागास रक्त पुरविते याची सीमा ठरविली. खोलवरच्या शाखा शेजारच्या शाखांना जवळजवळ मिळत नाहीत, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष. मोठ्या रोहिणीस विलिसच्या वलयातून पर्यायी रक्त मिळू शकते. या शाखांस तसा आधार नसतो.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. काही आठवड्यांतच व्हिएन्ना येथे प्रेताच्या हातातील वाहिन्यांचे क्ष-किरणचित्र घेण्यात आले. पण जिवंत मेंदूपर्यंत पोहोचण्यास बत्तीस वर्षे लागली. लिस्बन येथे एगास मोनिझने प्रथम स्ट्राँशियम ब्रोमाइड वापरले आणि त्यात एक रोगी दगावला. २८ जून १९२७ रोजी सोडियम आयोडाइडच्या द्रावणाने त्यास यश आले. १९३१ पासून वापरात आलेल्या थोरियमयुक्त द्रव्याने चित्रे अधिक स्पष्ट होत. परंतु ते किरणोत्सर्गी द्रव्य यकृतात साठून राही व पुढे अनेकांस अर्बुदे झाली. ही किंमत रोग्यांनी मोजली, हे विसरता येत नाही.

१९५३ मध्ये सेल्डिंगरने नळी घालण्याची सुरक्षित रीत दिली. सात टेस्ला शक्तीच्या चुंबकीय यंत्रांतून आता तळातून शिरणाऱ्या शाखांचे बुंधे जिवंत माणसातही दिसतात. त्यांपुढील वाहिन्यांसाठी मात्र अभ्यासकास प्रेताकडेच वळावे लागते: मेंदूच्या पृष्ठभागावरील वाहिन्यांविषयी दुव्हेर्नुआने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन शाई भरलेल्या मृत मेंदूंवरच आधारलेले आहे.