काढायचे किती, राखायचे किती : स्वादुपिंडातील सिस्टच्या शस्त्रक्रियेविषयी

पोटाच्या वरच्या भागात कळ उठते, ती थेट पाठीत जाते, उलट्या सुरू होतात. रक्तातले अमायलेज आणि लायपेज वाढलेले निघतात आणि पॅन्क्रिआटायटिसचे, म्हणजे स्वादुपिंडाच्या दाहाचे, निदान होते. सलाईन लागते, वेदनाशामके दिली जातात आणि रुग्ण बरा होऊन घरी जातो. काही महिन्यांनी पुन्हा तेच. आपल्याकडे अशा वेळी पहिला प्रश्न दारूचा असतो, दुसरा पित्ताशयातल्या खड्यांचा. कधी दारूला न शिवलेल्या बाईलाही तोच प्रश्न प्रत्येक भरतीत नव्याने विचारला जातो, आणि शेवटी केसपेपरवर ‘कारण अज्ञात’ असा शेरा पडतो. या अज्ञातांपैकी काहींच्या स्वादुपिंडात एक सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, दडलेली असते आणि सारा त्रास तिचाच असतो. ती सिस्ट ओळखावी कशी, काढावी कशी आणि काढताना उरलेले स्वादुपिंड जपावे कसे, हा आपला विषय आहे. रुग्णसंख्येने तो लहान असला, तरी शल्यचिकित्सकाच्या विवेकाची इतकी कसोटी पाहणारे विषय फार थोडे आहेत.

वाचकांनी आधी या अवयवाची ओळख करून घ्यावी. जठराच्या मागे, कण्याला आडवे, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे हे पिंड. त्याचे डोके ड्युओडिनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, वळणात बसलेले, शेपूट प्लीहेपर्यंत पोचलेले. त्याच्या मधून जाणारी नलिका १६४२ मध्ये पादुआ येथे विर्सुंग यांनी दाखवली. इन्सुलिन तयार करणारी पेशींची बेटे लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये वर्णिली. नलिका पाचकरस आतड्यात नेते, बेटे साखर सांभाळतात. ही बेटे शेपटीकडे अधिक दाट असतात. त्यामुळे शेपटीकडचा तुकडा काढून टाकणे वाटते तितके निरुपद्रवी नसते, हे ध्यानात असू द्यावे.

आता सिस्टकडे वळू. येथे एका गोष्टीवर थोडे थांबण्याची विनंती आहे, कारण सगळा घोळ तिथेच होतो. दाहानंतर स्वादुपिंडाभोवती द्रव साठून जी गाठ होते, तिला स्यूडोसिस्ट म्हणतात. ती दाहाचा परिणाम असते. आपल्या विषयातली सिस्ट मात्र दाहाचे कारण असते. स्कॅनवर दोन्ही सारख्या दिसू शकतात, आणि दाहाचा इतिहास असला की पाहणाऱ्याचे मन आपोआप स्यूडोसिस्टकडे झुकते. म्हणून तुम्ही पहिल्या झटक्याच्या वेळचा स्कॅन शोधून काढावा. सिस्ट तेव्हाच, पूर्ण वाढलेली आणि स्वतःची भिंत असलेली दिसत असेल, तर ती दाहाच्या आधीची. एंडोस्कोपिक सोनोग्राफीने सुईतून काढलेला द्रवही बोलका असतो. नलिकेत वाढणारी आयपीएमएन ही गाठ कोरफडीच्या गरासारखा चिकट श्लेष्मा सोडते. तो नलिकेत अडकला की रस तुंबतो आणि झटका येतो. श्लेष्मा वाहून गेला की रुग्णाला बरे वाटते, आणि त्यामुळेच निदान लांबत जाते. इतर सिस्ट बाहेरून नलिकेवर दाब देऊनही हेच घडवू शकतात.

या गाठींची नीट वर्गवारी तशी अलीकडची. पातळ द्रवाच्या, बहुतांशी निरुपद्रवी सिस्ट आणि श्लेष्मल, पुढे कर्करोगाकडे वळू शकणाऱ्या सिस्ट या वेगळ्या आहेत, हे कॉम्पॅग्नो आणि ओर्टेल यांनी १९७८ मध्ये मांडले. नलिकेतल्या श्लेष्मल गाठींकडे १९८२ मध्ये जपानच्या ओहाशी यांनी लक्ष वेधले. निदानच असे उशिरा स्पष्ट झाले, तर उपचाराची भाषा त्याआधी दुसऱ्या आजारावर घडलेली असणार हे ओघानेच आले.

तो आजार म्हणजे कर्करोग. बर्लिनच्या काउश यांनी १९०९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या व्हिपल यांनी १९३५ मध्ये ज्या शस्त्रक्रियेचा पाया घातला, तिच्या आजच्या रूपात स्वादुपिंडाचे डोके, ड्युओडिनम, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग एकत्र काढतात. कर्करोगासाठी ते योग्यच आहे. लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात. पण पस्तिशीतल्या रुग्णाच्या निरुपद्रवी सिस्टसाठी एवढे सगळे काढावे का? या प्रश्नातून आपला विषय जन्मला. जर्मनीच्या बेगर यांनी १९७२ पासून, मुळात जुनाट दाहासाठी, ड्युओडिनम राखून डोक्याचा भाग काढण्याची रीत रूढ केली. शेपटीची गाठ काढताना प्लीहा वाचवण्याच्या दोन वाटा वॉरशॉ यांनी १९८८ मध्ये आणि किमुरा यांनी १९९६ मध्ये दाखवल्या. पहिलीत प्लीहेच्या मुख्य रक्तवाहिन्या कापूनही जठराकडून येणाऱ्या लहान वाहिन्यांवर तिला जगवतात, दुसरीत मुख्य वाहिन्याच सोडवून घेतात. प्लीहा गेली तर काही जिवाणूंच्या गंभीर संसर्गाचा धोका जन्मभर राहतो, म्हणून ही खटपट. नलिकेपासून दूर असलेली लहान गाठ नुसती सोलूनही काढता येते.

स्वादुपिंडाच्या डोक्याला लागून असलेल्या अरुंद भागाला मान म्हणतात; तिच्याजवळच्या गाठीसाठी फक्त मधला भाग काढतात. हे तुम्ही नजरेसमोर आणून पाहा. मानेच्या थेट मागे पोर्टल शिरेचा उगम आहे. तिच्यापासून ग्रंथी हलक्या हाताने सोडवायची, गाठीच्या दोन्ही बाजूंना छेद घ्यायचा, डोक्याकडचे तोंड शिवून बंद करायचे आणि शेपटीकडचे तोंड लहान आतड्याला किंवा जठराला जोडायचे. नलिका दोन-तीन मिलिमीटरची. जुनाट दाहाने घट्ट झालेली ग्रंथी टाका धरते. निरोगी, मऊ ग्रंथीत तोच टाका चिरत जातो. म्हणजे जपण्याजोगी ग्रंथीच शिवायला सर्वांत अवघड. शिवाय येथे गळू शकणारी तोंडे दोन.

म्हणून अवयव राखण्याची किंमत रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत, गळतीच्या रूपाने, मोजतो. फायदा मात्र पुढच्या वीस-तीस वर्षांत, मधुमेह आणि अपचन टळण्यात, मिळतो. मला हा सौदा तरुण रुग्णासाठी बहुधा रास्त वाटतो. थकलेल्या वृद्धासाठी तसा वाटत नाही. आणि कर्करोगाची शंका असेल, म्हणजे कावीळ, मुख्य नलिका १० मिलिमीटर किंवा अधिक रुंद, किंवा सिस्टच्या आत रक्तपुरवठा असलेली ५ मिलिमीटर किंवा मोठी गाठ, तर राखण्याचा मोह आवरलाच पाहिजे. श्लेष्मल सिस्टविषयीची २००६ मधील सेंदाई आणि २०१२ मधील फुकुओका मार्गदर्शक तत्त्वे, आणि त्यांच्या नंतरच्या सुधारित आवृत्त्या, म्हणूनच आधी वाचाव्यात.

या विषयावरील अभ्यास चाळताना वाचकांनी दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पहिली, गळतीची व्याख्या : २०१६ च्या सुधारणेनंतर, ड्रेनमधील अमायलेज नुसते वाढलेले असेल आणि रुग्णाला त्रास नसेल, तर तिला फिस्टुला, म्हणजे खरी गळती, म्हणत नाहीत, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवताना सावध असावे. दुसरी, पाठपुराव्याचा काळ. आयपीएमएन कधीकधी राखलेल्या ग्रंथीतही नव्याने उगवते, आणि अशा रुग्णाला नियमित एमआरआय करत राहावे लागते. वर्षभरात थांबलेला अभ्यास दाह थांबला का हे जेमतेम सांगेल. राखलेले स्वादुपिंड कसे टिकले, हे विचारायला दहा वर्षांच्या नोंदी लागतात.