सामुदायिक मानसिक आरोग्य कार्यकर्ता

सामुदायिक मानसिक आरोग्य कार्यकर्ता म्हणजे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिच्या घरी, गावात किंवा वस्तीत आधार देणारी आणि तिला उपचारांशी जोडून ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती होय. हा कार्यकर्ता मानसोपचारतज्ज्ञ नसतो. तो रोगनिदान करीत नाही आणि औषधे लिहून देत नाही. रुग्णालयातील उपचार आणि रुग्णाचे दैनंदिन जीवन यांमधील अंतर कमी करणे हे त्याचे मुख्य काम होय. अमेरिकेच्या काही राज्यांत हे काम करणाऱ्यास 'कम्युनिटी सपोर्ट स्पेशालिस्ट' असे पदनाम आहे. भारतात ते आशा स्वयंसेविका, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, परिचारिका आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते करतात. त्यासाठी एकच सर्वमान्य पदनाम नाही.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंभीर मानसिक आजारांवरील उपचार प्रामुख्याने मनोरुग्णालयांतच होत असत. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन व त्यासारखी औषधे उपलब्ध झाल्यावर अनेक रुग्णांना घरी पाठवणे शक्य झाले. अमेरिकेत १९६३ साली राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांसंबंधीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. रुग्णालये रिकामी होऊ लागली. परंतु अपेक्षित संख्येने केंद्रे उभी राहिली नाहीत आणि अनेक रुग्ण निराधार झाले. केवळ रुग्णालयातून सुटका झाल्याने रुग्णाचे पुनर्वसन होत नाही, हे या अनुभवातून स्पष्ट झाले. १९७० च्या दशकात विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे लिओनार्ड स्टाइन व मेरी ॲन टेस्ट यांनी रुग्णाच्या घरी जाऊन सेवा देणाऱ्या पथकाची पद्धत विकसित केली. आजच्या सामुदायिक सेवेवर या पद्धतीचा मोठा प्रभाव आहे.

भारतात रुग्णाची देखभाल परंपरेने कुटुंबच करीत आले आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले व त्यांना उपचारांत सहभागी करून घेतले. १९७० च्या दशकात हरियाणातील रायपूर राणी आणि बंगळूरजवळील साकलवारा येथे प्राथमिक आरोग्य सेवेतून मानसिक उपचार देण्याचे प्रयोग झाले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात राबवलेल्या नमुन्याच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आकारास आला.

गरज

२०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे त्यात आढळले. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. दूरच्या खेड्यातील रुग्णाला तेथे किंवा जिल्हा रुग्णालयात नेण्यासाठी सोबतच्या नातेवाइकाचाही रोजगार बुडतो. अनेक कुटुंबे आजाराला 'बाहेरची बाधा' समजून आधी मांत्रिकाकडे किंवा देवस्थानी जातात.

कामाचे स्वरूप

नैराश्य किंवा चिंताविकार असलेली व्यक्ती बहुधा 'मी खिन्न आहे' असे म्हणत नाही. झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, डोके जड होते, कशात मन लागत नाही, अशा तक्रारी ती सांगते. त्या ऐकून पुढील तपासणीची गरज ओळखणे ही कामाची पहिली पायरी असते.

त्यानंतर कार्यकर्ता रुग्णाला उपचार केंद्रापर्यंत नेतो, ठरलेल्या काळाने घरी जाऊन विचारपूस करतो, गोळ्या नियमित घेतल्या जातात का ते पाहतो आणि दुष्परिणाम दिसल्यास डॉक्टरांना कळवतो. बरे वाटू लागताच औषध बंद करणे हे आजार उलटण्याचे एक प्रमुख कारण असल्याने हा पाठपुरावा महत्त्वाचा ठरतो. आजार हा आळस किंवा ढोंग नव्हे, हे तो कुटुंबाला समजावतो. अंघोळ, स्वयंपाक, जनावरांची देखभाल यांसारखी लहान कामे रुग्णाने पुन्हा हाती घ्यावीत म्हणून तो प्रोत्साहन देतो. दिव्यांगत्व प्रमाणपत्र व शासकीय योजनांचे अर्ज भरण्यासही तो मदत करतो. आत्महत्येचा धोका जाणवल्यास रुग्णाला एकटे न सोडता तातडीने डॉक्टरांकडे पोहोचवणे हे त्याचे कर्तव्य मानले जाते.

परिणामकारकता

'मानस' या गोव्यातील प्रयोगात प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांची नेमणूक करण्यात आली. २०१० साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी आरोग्य केंद्रांतील नैराश्य व चिंताविकाराच्या रुग्णांमध्ये बरे होण्याचे प्रमाण वाढले. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेल्या 'कॉप्सी' या अभ्यासात (२०१४) घरपोच आधारामुळे लक्षणे व अकार्यक्षमता यांत माफक सुधारणा आढळली. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' कार्यक्रमात नैराश्यासाठी आरोग्य सेवेकडे वळणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. झिम्बाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली सुरू केलेल्या 'फ्रेंडशिप बेंच' उपक्रमात वयस्क महिला दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून समुपदेशन करतात.

कायदेशीर चौकट

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून लागू झाला. कलम १९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंबाने नाकारले किंवा निवारा नाही एवढ्याच कारणास्तव तिला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी शासनाने 'टेली-मानस' ही १४४१६ या क्रमांकावरील निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली.

मर्यादा आणि अडचणी

कार्यकर्ता तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही. गरजेच्या वेळी सल्ला देणारा डॉक्टर आणि नियमित औषधपुरवठा नसेल, तर त्याचे काम निष्फळ ठरते. लहान गावात सर्वजण ओळखीचे असतात. ही ओळख विश्वास मिळवून देते, तशीच गोपनीयता राखणे अवघडही करते. कार्यकर्ता वारंवार एखाद्या घरी जाऊ लागला की शेजाऱ्यांत चर्चा सुरू होते. आशा स्वयंसेविकांकडे माता-बाल आरोग्य, लसीकरण, क्षयरोग अशी अनेक कामे आधीच असतात व त्यांना नियमित वेतनाऐवजी कामावर आधारित मोबदला मिळतो. स्वयंसेवी प्रकल्पांतील कार्यकर्त्यांचे काम निधीच्या मुदतीवर अवलंबून असते. प्रकल्प संपल्यावर कार्यकर्त्याचे येणे थांबते. रुग्णाची गरज मात्र अनेकदा आयुष्यभराची असते. इतरांचे दुःख सतत ऐकल्याने कार्यकर्त्यालाही मानसिक थकवा येतो. त्यामुळे नियमित पर्यवेक्षण आणि सहकाऱ्यांशी चर्चेची सोय या सेवेचा आवश्यक भाग मानला जातो.