लेखनिक आणि मांत्रिक

हेवी मेटल जन्मलं बर्मिंगहॅमला. न्यूकॅसलच्या 'व्हेनम'ने त्याला जो ओबडधोबड वेग दिला, त्यातूनच कॅलिफोर्नियातल्या पोरांनी थ्रॅशची स्फूर्ती घेतली. तरी ऐंशीच्या दशकाअखेरीस खुद्द इंग्रज बँड या संगीतात उशिरा आलेले पाहुणे समजले जात. नॉटिंगहॅमच्या 'सॅबट'चा 'ड्रीमवीव्हर' (१९८९) हा अल्बम त्यापायीच मागे पडला, असं मला वाटतं. त्यात पुढच्याच वर्षी गायक मार्टिन वॉल्किअर बाहेर पडला. गिटारवादक अँडी स्नीप आज ओळखला जातो तो मुख्यतः इतरांचे अल्बम घडवणारा निर्माता म्हणून.

अल्बमभर एकच कथा आहे. ब्रायन बेट्स या मानसशास्त्रज्ञाच्या 'द वे ऑफ विर्ड' (१९८३) या कादंबरीतली. वॉट ब्रँड हा ख्रिस्ती लेखनिक अँग्लो-सॅक्सन काळात, जिथे चर्च अजून पोचलेलं नाही अशा मुलखात पाठवला जातो. तिथल्या लोकांच्या श्रद्धा टिपून आणायच्या, म्हणजे मागून येणाऱ्या धर्मप्रसारकांचं काम सोपं होईल. वुल्फ नावाचा मांत्रिक त्याचा वाटाड्या होतो आणि लेखनिकाचंच मन हलू लागतं. मिशनरी म्हटलं की आपल्याला गोरा माणूस आठवतो. इथे गोरे इंग्रजच कुणाच्या तरी नोंदवहीतले 'अज्ञानी' आहेत!

वॉल्किअर ओळीत इतके शब्द कोंबतो की श्वासाला जागा उरत नाही. गाण्यांचा मजकूर समोर ठेवूनच हा अल्बम ऐकावा. एक गोष्ट मात्र खटकते. 'द क्लेरिकल कॉन्स्पिरसी' या नावातच निकाल लागलेला आहे: पाद्री कपटी, मांत्रिक ज्ञानी.

बेट्सच्या कादंबरीला आधार आहे तो ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या 'लॅकनुंगा' या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखिताचा. त्यात औषधं आहेत, मंत्र आहेत, ख्रिस्ती प्रार्थनाही आहेत. विषावर उतारा म्हणून नऊ वनस्पतींचा जो मंत्र दिला आहे, त्यात जुना देव वोडेनही येतो आणि ख्रिस्तही. हे सगळं उतरवलं गेलं ते ख्रिस्ती इंग्लंडमध्ये, लिहिता येणं मुख्यतः चर्चच्याच माणसांकडे होतं तेव्हा. म्हणजे वुल्फचे मंत्र आपल्यापर्यंत आले ते बहुधा वॉट ब्रँडसारख्याच कुणाच्या तरी हातून.