नकाशा आधी की गवंडी आधी?

मंडळी, ‘घर पाहावं बांधून’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण बांधायचं ठरल्यावर आधी कुणाला गाठायचं, आर्किटेक्टला की कंत्राटदाराला, याबद्दल म्हण काही सांगत नाही. मोठमोठ्या इमारतींचं नशीब याच प्रश्नावर ठरलेलं आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते.

ढोबळमानानं तीन वाटा आहेत. पहिली आपल्या ओळखीची. आधी सगळे नकाशे पूर्ण करायचे, मग निविदा मागवायच्या आणि ज्याचा आकडा कमी त्याला काम द्यायचं. दुसरी वाट म्हणजे नकाशा आणि बांधकाम दोन्ही एकाच्याच गळ्यात घालायचं. आपले गावाकडचे गवंडी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. तिसरी जरा धाडसाची. कंत्राटदार आधीच निवडायचा, त्याला आर्किटेक्टच्या शेजारी बसवायचा आणि सगळे नकाशे हातात येण्याआधीच कामाला हात घालायचा.

या तिसऱ्या वाटेचं गाजलेलं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग. १९२९ साली जॉन रास्कॉब हे उद्योगपती आणि न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या जागेवर कचेऱ्यांची इमारत उभारायचं ठरवलं. हेतू सरळ होता, गाळे भाड्यानं द्यायचे. आता त्या काळी न्यूयॉर्कमध्ये कचेऱ्यांचे भाडेकरार १ मेपासून सुरू होत. म्हणजे १ मे १९३१ हा दिवस चुकला की वर्षभराच्या भाड्याला मुकायचं, आणि कर्जावरचं व्याज मात्र चालूच. नकाशे पुरे होऊन निविदा उघडेपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. पद्धत निवडली ती या कॅलेंडरनं, असं म्हटलं तरी चालेल.

काम मिळालं स्टॅरेट ब्रदर्स अँड एकेन या कंपनीला. पॉल स्टॅरेट यांनी आठवणींत एक मजेदार प्रसंग सांगितला आहे. तुमच्याकडे यंत्रसामग्री काय आहे, असं मालकांनी विचारलं. बाकीचे कंत्राटदार आपापल्या यंत्रांच्या याद्या सांगून गेले होते. स्टॅरेट म्हणाले, काहीच नाही! या कामाला नेहमीची यंत्रं पुरणार नाहीत, नवी घेऊ, काम झाल्यावर विकू आणि फरक तुमच्या खात्यात जमा करू. असं उत्तर देणाऱ्या माणसाला काम देणं म्हणजे आकड्यावर नाही, माणसावर विश्वास टाकणं.

मग मालक, आर्किटेक्ट आणि कंत्राटदार एकत्र बसून ठरवू लागले. त्याचा परिणाम नकाशावरच दिसतो. विल्यम लॅम्ब यांच्या आराखड्यात खिडक्यांच्या कडेला धातूच्या उभ्या पट्ट्या आहेत. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. पट्टीखाली दगडाची कड झाकली जाते, त्यामुळे ती जागेवर घासूनपुसून बसवण्यात वेळ जात नाही. बांधणारा माणूस आधीच हजर असला की असे तपशील वेळेवर सुचतात. हॉटेलची पाडापाडी पूर्ण व्हायच्या आतच २२ जानेवारी १९३० ला पायाची खोदाई सुरू झाली. १७ मार्चला बांधकाम सुरू झालं आणि साधारण सहा महिन्यांत ८६ मजल्यांचा सांगाडा उभा राहिला. १ मे १९३१ ला उद्घाटन झालं, ठरल्या दिवशी. जमिनीसकट सुमारे ५ कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता, लागले ४ कोटी १० लाखांच्या आसपास.

इथे शाबासकी देऊन थांबता आलं असतं. पण त्या बचतीतला मोठा वाटा महामंदीचा होता. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, माल स्वस्त झाला आणि बेकार माणसं मिळेल त्या कामाला तयार होती. या कामात मजूर दगावले, अधिकृत आकडा ५ आहे. आणि इतकी घाई करून वेळेत उभी राहिलेली इमारत पुढे कित्येक वर्षं बरीचशी रिकामीच होती. लोक तिला ‘एम्प्टी स्टेट बिल्डिंग’ म्हणून चिडवत. इमारत कशी बांधायची याचं उत्तर पद्धत देते. तिची गरज आहे का, हे मालकानंच ठरवायचं असतं.

हीच घाई दुसरीकडे अंगाशी आली. सिडनी ऑपेरा हाउस ही काही भाड्याची इमारत नव्हे, पण तिथेही १९५९ साली नकाशे पूर्ण नसताना काम सुरू झालं. छताचे ते सुंदर शिंपले उभे कसे करायचे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. छताचा भार पेलणार नाही म्हणून आधी बांधलेले खांब पाडून पुन्हा बांधावे लागले. १९६३ ला संपायचं काम १९७३ पर्यंत लांबलं आणि ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला.

मग न्यूयॉर्कला जमलं ते सिडनीला का नाही? माझ्या मते, न्यूयॉर्कच्या मंडळींना पोलादी सांगाड्याच्या चौकोनी इमारती बांधायची सवय होती. नकाशे अपुरे होते, पण विद्या पुरी होती. सिडनीत विद्याच अजून शोधायची होती. तिथे आधी नकाशा, मग गवंडी हेच शहाणपणाचं ठरलं असतं.

हे सगळं वाचायला लागले त्याला कारण आमच्या सोसायटीतली पुनर्विकासाची चर्चा. सभेत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, सर्वांत चांगली ऑफर कुणाची? मला वाटतं, त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. काम रेंगाळलं, भाव चढले, तर भुर्दंड कुणी सोसायचा? कोणत्याही करारात जोखीम नाहीशी होत नाही, ती फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. कमी आकडा देणारा ती अनेकदा न बोलता आपल्याच खांद्यावर ठेवून जातो. आणि आमच्या इमारतीत बहुतेक खांदे सत्तरीपुढचे आहेत!

तुमच्यापैकी कुणी या फेऱ्यातून गेलं असेल तर अनुभव जरूर लिहा. पुढच्या सभेत वाचून दाखवीन.