कामापुरती इंग्रजी

कुंभकोणम् हे कावेरीकाठचे देवळांचे गाव. आदिकुंभेश्वर आणि सारंगपाणी यांच्या दर्शनाला येथे यात्रेकरूंची रीघ असते. मी मात्र काही वर्षांपूर्वी तेथे गेलो तो एक रूक्ष प्रश्न डोक्यात घेऊन. नव्या लेखनिकांच्या वर्गासाठी व्यावहारिक इंग्रजीचे क्रमिक पुस्तक निवडण्याचे काम माझ्याकडे आले होते. चार पुस्तकांपैकी एकातील व्याकरणाची मांडणी आणि भाषेचा डौल मला इतका भावला, की अनुकूल अभिप्राय लिहूनही ठेवला होता. तो मी अखेर पाठविला नाही, आणि याचे श्रेय या गावाच्या इतिहासाला आहे.

कचेरीची भाषा पुस्तकातून शिकवावी कशी, हा प्रश्न इंग्रजांमुळे उद्भवला असे आपण समजतो. वस्तुतः तो त्याहून जुना आहे. १६७६ च्या सुमारास तंजावरवर व्यंकोजीराजांचा अंमल बसला. त्यांच्या पदरी असलेले रघुनाथ नारायण हणमंते पुढे शिवाजी महाराजांकडे गेले, आणि त्यांच्याच नावाशी राज्यव्यवहारकोशाची रचना निगडित आहे. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या या कोशाचे दहा वर्ग आहेत. त्यांत लेखनवर्ग आहे, तसाच व्यापाराचा पण्यवर्गही आहे. शब्दांची विभागणी वर्णानुक्रमाने केलेली नाही, ती कामकाजाच्या क्षेत्रांप्रमाणे केलेली आहे. ज्या कारकुनाला जेथे बसायचे, तेथले शब्द त्याला एकत्र सापडावेत, ही दृष्टी आजच्या ग्रंथकारांनीही घ्यावी अशी आहे. तथापि याच कोशापासून दुसराही धडा मिळतो. त्यातील कित्येक प्रतिशब्द विद्वत्तेचे असूनही रुजले नाहीत. कागद, कलम, हुकूम हे शब्द मराठीत आजही नांदत आहेत. पुस्तकाने काय द्यावे हे ग्रंथकार ठरवितो. त्यातले काय ठेवावे हे कचेरी ठरविते.

पुढे इंग्रजीची पाळी आली. १७८५ च्या सुमारास तंजावरचे रेसिडेंट जॉन सलिव्हन आणि जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी तंजावर, रामनाड व शिवगंगा येथे इंग्रजी शाळा काढण्याची योजना मांडली. दुभाष्याच्या मध्यस्थीवाचून कंपनीचा आणि येथील लोकांचा व्यवहार चालावा, हा सलिव्हन यांचा एक हेतू होता. म्हणजे या भागात इंग्रजी प्रथम आली ती बऱ्याच अंशी व्यवहाराची भाषा म्हणून. मोडीत हिशेब लिहिणाऱ्या मराठी घराण्यांतील मुलांनी ती आत्मसात केली. १८२८ साली कुंभकोणम् येथे जन्मलेले सर टी. माधवराव हे त्यांतले ठळक नाव. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी सांभाळली.

याच गावातील सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर एक लहानसे घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. ते श्रीनिवास रामानुजन् यांचे. १९०४ साली त्यांना येथील सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. पण गणितापुढे त्यांना दुसरे काही सुचेना. इंग्रजी निबंधाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. ज्या इंग्रजीने त्यांना नापास केले, तीतच पुढे १९१२ च्या फेब्रुवारीत मद्रास पोर्ट ट्रस्टकडे त्यांचा अर्ज गेला. शिक्षण किती झाले, ते पुढे का चालू राहिले नाही, हे त्यात थोडक्यात आहे. १ मार्चपासून ते दरमहा तीस रुपयांवर लेखनिक झाले. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना लिहिलेल्या सुप्रसिद्ध पत्रातही प्रथम आपली नोकरी, आपला तुटपुंजा पगार, आणि मग गणित, असा साधा क्रम आहे. त्या पत्राच्या भाषेला मित्रांचा हात लागला असावा, असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर माझा मुद्दा अधिकच बळकट होतो. त्या तरुणाला जी मदत मित्रांकडून घ्यावी लागली, ती त्याला पाठ्यपुस्तकातून मिळावयास हवी होती.

त्या घराच्या ओट्यावर बसलो असता मला माझा अभिप्राय आठवला. माझ्या आवडत्या पुस्तकात ललित उतारे होते, निबंधाचे नमुने होते. पण नोकरीचा अर्ज नव्हता, थकलेल्या देयकाचे स्मरणपत्र नव्हते, आणि एखाद्याची विनंती नाकारताना त्याचा मान कसा राखावा हेही नव्हते. हे पुस्तक शिकवून मी परीक्षेत उत्तीर्ण होणारे लेखनिक तयार केले असते. अर्ज घेऊन दाराशी आलेल्या माणसाला त्यांचा काय उपयोग झाला असता?

परत आल्यावर मी तपासणीची रीत बदलली. दोन नव्या लेखनिकांना प्रत्येक पुस्तकातील एकेक धडा वाचावयास दिला आणि त्या दिवशीच्या टपालातील एका पत्राला उत्तर लिहावयास सांगितले. निवड झाली ती चौघांत सर्वांत ओबडधोबड दिसणाऱ्या पुस्तकाची. त्याच्या व्याकरणात दोन-चार उणिवा होत्या. त्या दाखवून देणारे टिपण मी सोबत जोडले. परंतु ते वाचून लिहिलेले उत्तर त्याच दिवशी सहीला आले, आणि मला त्यात एका शब्दाचाही फेरफार करावा लागला नाही.