चित्रात आपलं मूल कुठे आहे? बालपुस्तकांच्या एका शंभर वर्षांच्या लढ्याचा इतिहास

आंबेडकरी चळवळीइतका पुस्तकाला मान देणारी दुसरी चळवळ या देशात सापडणार नाही. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी 'राजगृह' बांधलं. 1924 साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वाचनालयं काढण्याचा समावेश होता. आजही 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर जी गर्दी होते, ती पाहून भल्याभल्या प्रकाशकांनी तोंडात बोटं घालावीत.

पण त्याच स्टॉलवर पहिली-दुसरीतल्या पोराचा हात धरून एखादी आई आली आणि म्हणाली, "याच्यासाठी चित्रांचं काही आहे का?" तर तिच्या हाती काय पडतं? बहुतेक वेळा बाबासाहेबांचं एखादं छोटं सचित्र चरित्र. ते हवंच. पण त्यापुढे काय? आपल्या वस्तीतलं, आपल्या घरातलं, आपल्यासारखं दिसणारं आणि बोलणारं मूल ज्या पुस्तकात खेळतं, रुसतं, शाळेत जातं, असं पुस्तक कुठे आहे?

हा प्रश्न किरकोळ वाटणाऱ्यांसाठी हा लेख आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी याच प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ लढा दिला आहे. त्यात त्यांना यश आलं, अपयशही आलं. दोन्हींतून आपल्याला शिकण्यासारखं आहे.

जानेवारी 1920: दोन नियतकालिकं

31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याच जानेवारी महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'द ब्राउनीज बुक' या मासिकाचा पहिला अंक निघाला. ते काढणारे होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिलं आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाची माहिती मागवली. 1920 मध्ये मात्र या दोघांचा काही संबंध नव्हता. दोन देशांतल्या दोन दडपलेल्या समाजांना आपला स्वतःचा छापील आवाज हवा होता, एवढाच तो धागा.

फरक वाचकाचा होता. 'मूकनायक' मोठ्यांसाठी होता, तर 'द ब्राउनीज बुक' सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी. कृष्णवर्णीय मुलांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेलं ते अमेरिकेतलं एक अगदी सुरुवातीचं मासिक. किंमत 15 सेंट. साहित्याची बाजू जेसी फॉसेट यांनी सांभाळली, व्यवहाराची ऑगस्टस डिल यांनी. गोष्टी, कविता, खेळ, जगभरच्या बातम्या, मुलांची पत्रं आणि पानोपानी चित्रं व फोटो. ही चित्रं काढणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्री चित्रकार होत्या. पुढे जगभर गाजलेले कवी लँग्स्टन ह्यूज यांचं सुरुवातीचं लेखन याच मासिकात छापून आलं.

ड्यू बॉइस यांना हे मासिक का काढावंसं वाटलं, ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. ते 'द क्रायसिस' या मासिकाचे संपादक होते. 1919 च्या सुमाराला त्याचा खप लाखाच्या घरात गेला होता. या मासिकाचा दरवर्षी एक अंक खास मुलांचा असे. पण 'क्रायसिस' हे लढ्याचं पत्र. झुंडीने केलेल्या हत्या, जाळपोळ, दंगली यांच्या बातम्या मुलांच्या अंकातही येत राहिल्या. 1919 चं वर्ष तर अमेरिकेच्या इतिहासात 'रक्तरंजित उन्हाळा' म्हणूनच ओळखलं जातं, इतके हल्ले त्या वर्षी कृष्णवर्णीय वस्त्यांवर झाले. अशातच एका लहान मुलीचं पत्र आलं. तिला आपल्या समाजाविषयी शिकायचं होतं. आणि गोऱ्या माणसाचा आपल्याला किती द्वेष वाटतो, हेही तिने लिहिलं होतं.

ड्यू बॉइस यांच्यापुढे पेच उभा राहिला. मुलांना द्वेष शिकवला तर तो द्वेष त्यांनाच आधी जाळणार. आणि वास्तवापासून दूर ठेवावं म्हटलं तर ते शक्य नाही, योग्यही नाही, कारण रस्त्यावर पाऊल टाकताच जग त्यांना त्यांचा रंग दाखवून देणार. या पेचातून काढलेली वाट म्हणजे 'द ब्राउनीज बुक'. आपला रंग सुंदर आहे, आपल्या माणसांनी मोठी कामं केली आहेत, मनाला लागलेल्या घावांतून काही घडवता येतं, हे मुलांना खेळीमेळीने, चित्रांतून सांगायचं.

हा पेच आपला नाही काय? खैरलांजी घडली तेव्हा आपल्या घराघरांतली लहान मुलं टीव्ही पाहत होती. त्यांना काय सांगायचं, हे किती आईबापांना कळलं? आपणही दोनच टोकांना असतो. एकतर पोराला काहीच सांगत नाही, 'मोठा झालास की कळेल' म्हणतो. नाहीतर सगळंच सांगून टाकतो. मधली वाट पुस्तकाची आहे, आणि ते पुस्तक आपल्याकडे नाही.

डिसेंबर 1921 मध्ये, चोवीस अंकांनंतर, 'द ब्राउनीज बुक' बंद पडलं. कारण साधं होतं: पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. 'मूकनायक'ही 1923 च्या पुढे टिकला नाही. 'केसरी'ने तर पैसे मोजायची तयारी असूनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती. दडपलेल्या समाजाचं पत्र बंद पडतं तेव्हा त्याला कंगालपणा म्हणून हिणवलं जातं. वर्गणी भरण्याइतका पैसा त्या समाजाच्या हाती का नव्हता, हे मात्र कोणी विचारत नाही.

शाळेतल्या पुस्तकाने काय शिकवलं

त्या काळात अमेरिकेतल्या मुलांच्या हाती दुसरी कोणती पुस्तकं होती? एक होतं 'लिटल ब्लॅक साम्बो'. 1899 साली लंडनमध्ये निघालेलं हे पुस्तक लिहिलं होतं हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी, तेही भारतात राहत असताना. गोष्टीत वाघ आहेत, वाघांचं तूप होतं. पुढे अमेरिकेत याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतली चित्रं आणखी विद्रूप होत गेली: जाड लाल ओठ, बटाट्यासारखे डोळे. 'साम्बो' ही शाळेच्या मैदानातली शिवी झाली. भारतात बसून एका वसाहतवादी घरात रचलेली गोष्ट हार्लेममधल्या पोराच्या पाठीवर वळ उठवत होती.

दुसरीकडे 1930 पासून पहिलीच्या वाचनपाठांत डिक आणि जेन ही भावंडं आली. गोरा बाप, गोरी आई, स्वच्छ घर, हिरवळ, कुत्रा, मांजर. वाक्यं दोन-तीन शब्दांची, बाकी सगळं चित्रात. लाखो मुलं या पुस्तकांवर वाचायला शिकली. त्या पानांवर कृष्णवर्णीय कुटुंब आलं ते थेट 1965 साली. म्हणजे पस्तीस वर्षं कृष्णवर्णीय मूल वाचायला शिकत होतं ते दुसऱ्याचं घर पाहून. टोनी मॉरिसन यांनी 1970 च्या 'द ब्लूएस्ट आय' या कादंबरीत याच वाचनपाठाचा साचा वापरला, तो उगाच नाही.

याचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हे केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने बाहुल्यांच्या प्रयोगातून दाखवलं. तीन ते सात वर्षांच्या अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली आणि काळी वाईट असं सांगितलं. 1954 च्या ब्राऊन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा क्लार्क यांच्या कामाचा दाखला निकालात होता. न्यूनगंड जन्मजात नसतो. तो शिकवला जातो, आणि अक्षरओळख होण्याआधीच शिकवला जातो.

ग्रंथपाल स्त्रिया आणि एक मोजणी

या लढ्यातलं सर्वांत चिवट काम दोन कृष्णवर्णीय ग्रंथपाल स्त्रियांनी केलं. शिकागोत शार्लमे रॉलिन्स आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ऑगस्टा बेकर. बेकर यांनी 1939 मध्ये आपल्या ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा संग्रह उभारायला घेतला. रॉलिन्स यांची निवडक पुस्तकांची यादी 1941 साली प्रसिद्ध झाली. पुस्तक हातात घेऊन त्या विचारत: यातली भाषा कशी आहे? चित्र कसं आहे? हे वाचून आमच्या मुलाची मान वर होईल की खाली? अपमान करणारं पुस्तक यादीत नाही. प्रकाशकांना पत्रं लिहायची, लेखकांना गाठायचं. वर्षानुवर्षं हेच काम. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, फक्त एक कसोटी होती आणि ती त्यांनी सोडली नाही.

1962 साली एझ्रा जॅक कीट्स यांचं 'द स्नोई डे' निघालं. पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा लाल कोट घालून बर्फात खेळायला जातो, एवढीच गोष्ट. पुढच्या वर्षी त्याला चित्रपुस्तकांसाठीचं मानाचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. या पुस्तकाचं मोल असं की पीटरवर कोणी अन्याय करत नाही आणि पीटर महापुरुषही नाही. तो फक्त एक मूल आहे. मात्र कीट्स स्वतः कृष्णवर्णीय नव्हते. ते ज्यू कुटुंबात जन्मलेले गोरे चित्रकार. त्यामुळे 'आमच्या मुलाचं चित्र आमच्या हाताने कधी निघणार?' हा प्रश्न उरलाच.

मग 1965 साली आला नॅन्सी लॅरिक यांचा लेख. त्यांनी भाषण केलं नाही, मोजणी केली. 1962 ते 1964 या तीन वर्षांत 63 प्रकाशकांनी काढलेली 5,206 बालपुस्तकं. त्यांपैकी मजकुरात किंवा चित्रात एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तकं 349. म्हणजे 6.7 टक्के. आणि आजच्या काळातल्या अमेरिकन कृष्णवर्णीयांची गोष्ट सांगणारी पुस्तकं एक टक्काही नाहीत, 0.8 टक्के. आकडा समोर आल्यावर 'आम्ही भेदभाव करत नाही' असं म्हणणाऱ्यांची बोलती बंद झाली. त्याच वर्षी नव्या शिक्षण कायद्याने शाळांच्या ग्रंथालयांना केंद्राचा पैसा मिळू लागला. रस्त्यावर नागरी हक्कांची चळवळ पेटलेली होतीच. मागणी, पैसा आणि दबाव एकत्र आले आणि दारं किलकिली झाली. 1969 साली विशीही न गाठलेल्या जॉन स्टेप्टो या कृष्णवर्णीय चित्रकाराचं 'स्टीव्ही' निघालं, आणि त्यातला पोरगा आपल्या वस्तीच्या बोलीत बोलत होता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढे चळवळीचा जोर ओसरला, ग्रंथालयांचा पैसा आटला. 1985 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने पुन्हा मोजणी केली. त्या वर्षीच्या सुमारे 2,500 पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं होती फक्त 18. आणि 2013 च्या 3,200 पुस्तकांत कृष्णवर्णीयांविषयीची 93. पन्नास वर्षांत प्रगती आपोआप होत गेली नाही. दबाव असेपर्यंत आकडा वाढला, दबाव गेला तसा तो घसरला.

आता आपल्याकडे

आपल्याकडे काहीच झालं नाही, असं आम्ही म्हणणार नाही. 1967 पासून निघणाऱ्या 'अमर चित्र कथा'ने 1979 साली बाबासाहेबांवर अंक काढला. 2007 साली कांचा इलैया यांचं श्रमाच्या प्रतिष्ठेवरचं मुलांचं पुस्तक दुर्गाबाई व्याम यांच्या चित्रांसह निघालं. कुंभार, चर्मकार, परीट, नाभिक यांच्या कामामागचं ज्ञान त्यात आहे. 2008 मध्ये हैदराबादच्या 'अन्वेषी' संस्थेने दलित-बहुजन आणि अल्पसंख्याक मुलांच्या जगण्यावरची पुस्तकमाला तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत आणली. 2011 साली 'भीमायन' आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात जातीयवादी बोलण्याला विंचवाच्या नांगीचा आकार दिला आहे, तर प्रेमाच्या बोलण्याला पक्ष्याचा. मूल ते शब्दांविना ओळखतं.

पण ही नावं बोटांवर मोजता येतात. यांतली बरीचशी पुस्तकं नुकतंच वाचायला शिकलेल्या मुलासाठी नाहीत, आणि 'अन्वेषी'ची माला निघाली त्या तीन भाषांत मराठी नव्हती. ज्या मराठीत दलित साहित्याने भूकंप घडवला, आत्मचरित्रांनी देश हलवला, त्या मराठीत आपण सहा वर्षांच्या वाचकाला जवळजवळ विसरलो.

चित्र बदलता येतं, हे सरकारलाही माहीत आहे. 2019 साली 'बालभारती'च्या दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. चांगलं पाऊल होतं. पण त्याच नजरेने कोणी विचारलं का, की पाठ्यपुस्तकातल्या घराच्या भिंतीवर कोणाचा फोटो असतो? पोरांची नावं-आडनावं कोणती असतात? सण कोणते? बुद्धविहार कधी दिसतं का? सफाई कामगार 'आपले मदतनीस' म्हणून एका पानावर येतो, पण त्याची मुलगी गोष्टीची नायिका होते का?

म्हणून आमचं म्हणणं असं. पहिलं, मोजा. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी पहिली ते तिसरीची पाठ्यपुस्तकं आणि शाळेच्या कपाटातली गोष्टींची पुस्तकं घेऊन बसावं. कोण दिसतं, कोण दिसत नाही, कोण काय काम करताना दिसतं, याची नोंद करावी. भावना दुखावल्याची निवेदनं टोपलीत जातात. आकडे टोपलीत टाकणं अवघड जातं. दुसरं, विहारात बालवाचनाचा कोपरा करा आणि रॉलिन्स-बेकर यांच्यासारखी कसोटी लावा. तिसरं, काढा. आपल्यात चित्रकार आहेत, कवी आहेत, शिक्षक तर हजारोंनी आहेत. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात सोळा पानांचं रंगीत पुस्तक निघू शकतं. आणि निघालेलं पुस्तक विकत घ्या, कारण 'द ब्राउनीज बुक' शत्रूने बंद पाडलं नव्हतं, ते वर्गणीवाचून बंद पडलं.

त्या पुस्तकात प्रत्येक वेळी अत्याचार हवा असं नाही, प्रत्येक वेळी महापुरुषही नको. भीमनगरातली एक पोरगी पावसात कागदाची होडी सोडते, एवढं पुरे. आजी तिला हाक मारते ती आपल्या बोलीत, आणि भिंतीवर बाबासाहेब आहेत, त्यांच्याबद्दल कोणी काही समजावून सांगत नाही, ते तिथे असतातच.

बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द सगळ्यांत आधी ठेवला. शिकणं पहिलीच्या पहिल्या पानापासून सुरू होतं. ते पान कोण काढतं, हे ठरवायचं काम आता आपलं आहे.

जय भीम!